आक्काच्या गावची ओटी

भुतंखेतं, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर तोंडावर तांब्याभर पाणी मारणारी बाई मीच. चौथी शिकलेय, पण डोकं ठिकाणावर आहे. तरीही गेल्या माघात जे झालं ते लिहायला बसलेय, कारण दुसरीकडे कुठं बोलता येत नाही.

आम्ही कोल्हापुरात कळंब्याला राहतो. मी, आमचे मालक आणि त्याच आवारातल्या खोलीत थोरली जाऊ. तिला सगळे आक्का म्हणतात. ती मूळची कोकणातली, विजयदुर्गच्या अलीकडच्या एका गावची. लग्न होऊन घाटावर आली. आईबाप गेले, घर पडलं, मग माहेरी कुणी नेलंच नाही. थोरले दीर वारून बारा वर्षं झाली.

कोकणची सहल तिनंच काढली. माझा संजय पुण्याला असतो, त्यानं गाडी घेतली तेव्हापासून तिचं सुरू... रोज शेंगा फोडता फोडता बेत करायचा.

"गाडी पळवायची न्हाई बघ. दिवसाला एकच गाव. गगनबावड्याला च्या, मग माझं गाव, मग विजयदुर्ग, कुणकेश्वर. मालवणात दोन रात्री."

"आणि तू घाटात वकणार, ते?"

"वकलो तर वकलो. तू हाईस की पिशवी धरायला!"

तिचं खरं काम एकच होतं. गावच्या देवीची ओटी भरायची. आमच्याकडे विधवेनं ओटी भरायची नसते. म्हणून ती मला म्हणायची, "हात तुझा लागूदे, ओटी माझी." त्यासाठी हिरवा खण आणून तिनं माझ्या कपाटात ठेवायला दिला होता. कडेला स्वतःच लाल दोऱ्यानं शिवण घातलेली, मोतीबिंदूमुळं पार वाकडी.

आता खरं सांगते. मला तिचा कंटाळा आला होता. चाळीस वर्षं एका आवारात काढली. तिच्या गावात तिचा मान, आणि मी पिशवी धरून मागं... नको वाटलं. गाडीत जागा होती. जागेचं कारण नव्हतंच.

आक्काला सांगितलं, संजयला रजा नाही, कोकणचं पुढं बघू. आम्ही चंदगडला माझ्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नाला जातोय. मालकांना आणि संजयला सांगितलं, आक्काच नको म्हणते, घाट सोसत नाही. मालक थोरल्या भावजयीशी मोजकंच बोलतात, त्यामुळं खपलं. पहाटे ती उठायच्या आत आम्ही निघालो. खण कपाटातच ठेवला, मुद्दाम. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

घाट उतरलो. गगनबावड्याला चहाही झाला. तिचं गाव आलं तशी मी संजयला म्हणाले, "चल फुडं, उशीर हुतोय." मालक भडकले.

"कसला उशीर? वैनीच्या गावात येऊन देवीच्या पाया न पडता जायाचं व्हय? थांबीव रं गाडी."

साडेअकरा वाजले असतील, लख्ख ऊन. देवळात गुरव एकटाच होता. आम्हाला बघून म्हणाला, "कोल्हापूरसून इलास मां? सकाळपासून वाट बघतंय."

मी म्हटलं, "आमची? कुणी सांगितलं?"

"सकाळी एक म्हातारी येवन गेली. ह्यां ठेवल्यान. म्हणाली, माझी धाकटी जाव येतली, तिच्याच हातान ओटी घेवा. उजव्या कानाची पाळी फाटलेली तिची."

आक्काची उजवी पाळी फाटलेली आहे. जड कुडीनं, फार मागं.

त्यानं सूप पुढं सरकवलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण. मी खणाची कड उलटी करून बघितली. लाल दोरा, वाकडी शिवण.

मालक म्हणाले, "भर की, बघत काय बसलीस?" मी भरली. अर्धे तांदूळ उंबऱ्यावर सांडले.

बाहेर येऊन शेजारच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आक्का? ह्या काय हितंच. सकाळधरनं माझ्या दारात बसल्यात. देऊ?"

आक्का फोनवर आली. "लगीन लागलं काय गं?"

"लागलं."

"माझ्या वाटच्या अक्षता टाकल्यास न्हवं?"

तळहाताला तांदळाचे दाणे चिकटलेले होते. पाठीमागं देवीचं देऊळ. मी म्हटलं, "टाकल्या की."

फोन ठेवला तर मालक मागंच उभे. "कुणाचं लगीन?" त्यांना कळायचं ते कळलं. विजयदुर्ग बघितलाच नाही, तिथूनच गाडी माघारी वळवली. घाटभर ते खिडकीबाहेर बघत होते. गाडीतनं उतरताना एवढंच म्हणाले, "तू सांगणार हैस तिला. मी न्हाई."

घरात शिरले ती सरळ कपाटाकडं. कुलूप जसंच्या तसं. आत खण, घडीसुद्धा मोडलेली नाही. मग देवीला वाहिलेला कुठला? संजय म्हणतो, गावातली दुसरी म्हातारी असेल, खण काय सगळे सारखेच. असेल. पण मी कोल्हापुरातनं येणार हे तिला कुणी सांगितलं? आणि शिवण? वर्ष होत आलं त्याला.

आक्कानं मला कधी काही विचारलं नाही. तिला ठाऊक आहे की नाही, तेही मला कळत नाही. परवा म्हणाली, "सुट्टी लागली की जाऊया कोकणात. सावकाश." मी "बघू" म्हणाले.

आक्का शाळेत गेलेली नाही. ज्या मासिकाला हे धाडतेय, त्याचा अंक घरी आला की पहिल्या पानापासून मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवते, आणि एखादं पान गाळलं तर तिला लगेच कळतं. या पानावर आल्यावर मी वाचेन का गाळेन, ते अजून ठरलेलं नाही.