बटण न लागणारा मिक्सर

झाकण न लावता मिक्सर सुरू झाला, तर चटणी थेट छतापर्यंत जाते.

आमच्या मीरा रोडच्या किचनमध्ये तो डाग अजून आहे. विश्वास नसेल तर येऊन बघा.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सगळे फोटो टाकतात. मी डागाची गोष्ट टाकते.

दोन हजार पाच-सहा साल असेल. संधिवाताने माझी बोटं धरली होती. झाडू-पोछा, पोळ्या, सगळं कसंबसं रेटत होते.
पण मिक्सरचं ते गोल बटण काही केल्या फिरायचं नाही.

आणि आमच्याकडे ओल्या नारळाच्या वाटणाशिवाय घास उतरत नाही. उत्तनची कोळीण गेटवर आली की मी मासे घेणारच.

हे बँकेत. सकाळी नारळ खवून द्यायचे आणि डबा घेऊन पळायचे. मग मी मिक्सरचं भांडं भरून ठेवायचे आणि शेजारच्या नसीमभाभींची बेल वाजवायचे.
"भाभी, जरा मिक्सर चला दो ना."
त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून यायच्या. कधी तोंड वाकडं केलं नाही.

पण रोज कोणाच्या दारात उभं राहायचं हो? एक दिवस बेलपर्यंत गेलेला हात मागे घेतला. घरी येऊन ओट्यापाशी ढसाढसा रडले.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "कालवण पातळ का आज?"
"वाटण नाही त्यात."
"का?"
मी नुसता हात पुढे केला.
त्यांनी सगळं कालवण संपवलं.

रविवारी बघते तर स्वारी हॉलमध्ये मिक्सर उलटा करून बसलेली. शेजारी स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि काळ्या टेपचं अख्खं बंडल.
"अहो, तुम्ही बँकेत आहात. वायरमन नाही."
"दोन वायरी तर जोडायच्यात. त्यात काय?"

त्यांनी आतलं बटण बाजूला काढून वायरी थेट जोडल्या. म्हणजे मिक्सरचं बटण फिरवायलाच नको. प्लग लावायचा, भिंतीवरचा स्विच कोपराने दाबायचा, की फुल स्पीड सुरू.

ट्रायल घेताना स्वतःच इतके दचकले की फ्रिजवर आपटले. मी पोट धरून हसले.

(तुम्ही कोणी असलं काही घरी करू नका. आमचा मुलगा इंजिनियर झाल्यापासून त्या मिक्सरकडे बघून कपाळावर हात मारतो.)

दुसऱ्या दिवशी मी एकटीने वाटण केलं. कोपराने!
किती दिवसांनी घर माझं वाटलं, काय सांगू.

आणि मग आमच्या लोडशेडिंगने इंगा दाखवला.

एका सुट्टीच्या दिवशी हिरवी चटणी फिरत होती आणि लाईट गेले. मी नेहमीसारखं झाकण काढून बघितलं, चमच्याने ढवळलं, चमचा ठेवला आणि गॅसकडे वळले. स्विच बंद करायचं डोक्यातच नाही. लाईट गेले की मिक्सर बंद, एवढंच आपल्याला ठाऊक.

लाईट आले.

ओटा, फरशा, माझे केस, छत... सगळीकडे कोथिंबीर.

आवाज ऐकून नसीमभाभी धावत आल्या. वर बघून म्हणाल्या, "भाभी, ऊपर तो पूरा गार्डन बन गया!"

आम्ही दोघी हसत होतो. हे मात्र दारात पांढरेफटक पडून उभे. त्यांची नजर त्या चमच्यावर.
"तुझा हात आत असता तर?"
"नव्हता ना."
"मी आजच पहिल्यासारखं करतो."
"खबरदार! मी परत कोणाची बेल वाजवणार नाही."

हे स्टुलावर बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मी विचारल्याशिवाय स्विच दाबायचा नाही."

त्या दिवसापासून हॉलमधून, पेपरच्या आडून, आवाज यायचा.
"झाकण?"
"लावलंय!"
मग मी स्विच दाबायचे.

बँकेतूनसुद्धा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. नुसतं "झाकण?"
पाहुण्यांसमोर विचारायचे. भांडण होऊन अबोला असला तरी विचारायचे. मी करवादायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे का?" तरी उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचे नाहीत.

घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला म्हणाले, "भैया, वो दाग छोड दो. मॅडम को याद रहना चाहिए."

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी सूप करायला घरी आले होते. हॉस्पिटलमधून मुलाच्या मोबाइलवरून फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.
"झाकण?"

वर्षश्राद्धाला मुलगा नवा मिक्सर घेऊन आलाय.
"आई, हा झाकण नीट बसल्याशिवाय सुरूच होत नाही. आता कोणी विचारायची गरज नाही."
त्याचं बरोबर आहे. गुणी पोर आहे माझं. मिक्सर खोक्यातच ठेवलाय.

आज नैवेद्याची चटणी जुन्यातच केली. कोपर स्विचवर ठेवलं आणि थांबले.

हॉल माणसांनी भरलेला. त्यांच्या खुर्चीत पेपर तसाच, घडी न मोडलेला.

"आई, काय झालं? लाईट गेले का?" मुलाने विचारलं.
"नाही रे."

फार आठवण येते हो तुमची. एकदा विचारा ना.

मग मीच सांगून टाकलं.

लावलंय हो झाकण.
तुम्ही निवांत पेपर वाचा.