रुळावर बसलेले आबा

सगळ्या पाट्या आपल्याला डिवचायलाच लावलेल्या असतात, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे आमच्या सेठचे वडील. आबांना वाचता येत नव्हतं. म्हणून ते आधी माझ्याकडून पाटी वाचून घ्यायचे आणि मग नेमकं उलटं करायचे. ‘इथे बसू नये’ म्हटलं की त्यांचे पाय तिथेच दुखायला लागत. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं तर म्हणाले, “सायेब, गोड बंद केल्यावर घरात ऱ्हातंय काय? सून हाय, ती तर आधीच तिखट.” सून शेजारीच उभी होती. जतचे असल्यामुळे आबांना कानडी यायची, पण ती माळरानावर वाढलेली, आणि म्हैसूरची कानडी तुपात घोळलेली. हे नुसता वांग्याचा भाव विचारायचे आणि भाजीवाला दोन पावलं मागे सरायचा.

आम्ही गलाईवाले. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची, हा आमचा धंदा. त्यापायी आमच्या दुष्काळी भागातली माणसं देशभर पांगली आहेत. मी माणमधून आठवीची शाळा सोडून इथे म्हैसूरला आलो, तेव्हा सेठना वाटलं, हे पोरगं भट्टीच्या धगीला टिकायचं नाही, परत पाठवावं. आबा तेव्हा पाहुणे म्हणून आले होते. ते दुकानाच्या दारात मांडी घालून बसले. “ह्यो गेला तर मी बी चाललो. आनि मी गेल्यावर गावात काय काय बोलतोय ते ऐकायला तयार ऱ्हा.” माझी भाकरी आजतागायत त्या मांडीवर उभी आहे.

यंदा सेठनी त्यांना कायमचंच आणलं. मेंढरं विकायची, गावच्या घराला कुलूप लावायचं, असा बेत. आबा रोज म्हणायचे, “मी जानार.” सेठ रोज म्हणायचे, “बघू.” शेवटी सेठ मला म्हणाले, “रविवारी त्यांना रेल्वेचं म्युझियम दाखवून आण. जुन्या गाड्यांत जीव रमला तर राहतील.” मीही मनातून देव पाण्यात घातले होते. परमुलखात आपल्या बोलीत मला शिव्या घालणारं तेवढं एकच माणूस होतं.

म्युझियममध्ये आबांनी राजघराण्याचा डबा नाकारला (“एवढ्या गादीवर झोप लागती व्हय?”), सिग्नलचा दांडा नाकारला, आणि एका बुटक्या काळ्या इंजिनापाशी थबकले. जत रोडवरून मिरजेला जाणारी लहान गाडी असल्याच इंजिनाची होती म्हणे. त्यांनी त्याच्या पोटावर हात फिरवला, आणि पुढच्या रुळावर सरळ बैठक मारली.

पहारेकरी धावत आला. रुळावर बसायचं नाही.

“गाडी यायची हाय का?” आबांनी आपल्या कानडीत विचारलं.

“नाही. पण नियम आहे.”

“ही चालत व्हती तवा बी मी हितंच बसलो व्हतो. मेंढी रुळाकडंला व्याली. डायवर शिव्या देत उतरला, मग बिडी पेटवून माझ्याशेजारी टेकला. कोकरू उभं ऱ्हायलं, मगच गाडी सुटली. तुला काय घाई हाय?”

पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारा हाणामारीवर आलाय. मी हात जोडून सांगितलं, भांडत नाहीत, बोलतायत.

हीच वेळ बरी, असं मला वाटलं. म्हणालो, “आबा, तुमची गाडीच बघा हितं ऱ्हायला आलीया. तुमी बी ऱ्हावा की.”

त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवलं. “छप्पर हाय, रंग हाय, रोज पुसत्यात. पर कोळसा न्हाई, पानी न्हाई. ही ऱ्हायला न्हाई आली गड्या. हिला ठेवलीया.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझं तिकीट काढतो म्हण. तवर मी उठत न्हाई.”

भोवती माणसं जमली, पोरं फोटो काढू लागली. मी घाबरून सेठना फोन लावला. ते म्हणाले, “उचल आणि रिक्षात घाल.”

नोकरी डोळ्यांसमोरून गेली, घरी पाठवायचे पैसे गेले. तरी म्हणालो, “सेठ, मी न्हाई उचलनार. मी त्यांचं तिकीट काढतो.”

पलीकडे भट्टीच्या पंख्याची घरघर बंद झाली. मग सेठ म्हणाले, “खालचा बर्थ बघ.”

मिरजेच्या गाडीत आबांना बसवलं, तेव्हा समोरच्या प्रवाशाशी त्यांचा खिडकीवरून वाद सुरूच झाला होता. तो अर्धवट सोडून ते गजांना तोंड लावून म्हणाले, “तू कवा येनार?”

“सुट्टी मिळाली की येतो.”

“सुट्टी मिळत नसती रं. घ्याची असती.”

गाडी हलली. मी होकाराची मान हलवली. त्यांना दिसली की नाही, ठाऊक नाही. त्यानंतर दोनदा सेठपुढे जाऊन उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा भट्टीचंच काहीबाही विचारून माघारी आलो.