दुरुस्तीला गेलेली बंदूक

बंदूक घरात असली की आमच्या गावात तिची कोणी चौकशी करत नाही. घरात नसली की मात्र अख्ख्या गावाला तिचा घोर लागतो. माझी बंदूक गॅरंटीत दुरुस्तीला गेली, त्या वर्षी हे माझ्या चांगलं ध्यानात आलं.

मी मुळात संशयी माणूस. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. मी न पोळताच फुंकतो. बियाण्याची पिशवी शिलाई तपासल्याशिवाय घरात घेत नाही. मूल गावच्या राइस मिलमध्ये आपलं धान भरडून होईपर्यंत यंत्रापासून हलत नाही. तिथले हमाल मला सीआयडी म्हणतात. म्हणोत बापडे. माझं धान आजवर कधी बदललं गेलं नाही.

पोंभुर्ण्याकडे आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, जंगलाला अगदी लागून आहेत. धान लोंबीवर आलं की रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत उभं पीक लोळवून जातात. म्हणून वडिलांच्या काळापासून आमच्याकडे पीक राखायला बंदुकीचा परवाना आहे. वडिलांची ठासणीची बंदूक होती. बार भरायला वेळ लागायचा, पण आवाज असा की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायची. ती पार झिजली तेव्हा मी रीतसर परवानगी काढून कारखान्याची नवी एकनळी घेतली. मारायला कमी आणि हवेत बार काढायला जास्त.

माझी सासरवाडी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. बायकोला एकच भाऊ, तिच्याहून बराच लहान. आई लवकर गेली म्हणून त्याला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. तो आमच्याकडे आला की पाणी प्यायच्या आधी बंदूक पाहायला मागायचा. हातात घेऊन आंब्याच्या झाडावर नेम धरायचा. “भाऊजी, चार दिवस देऊन पाहा ना. आमच्याकडंबी डुकरं लई आहेत,” म्हणायचा. “परवान्यावर तुझं नाव आहे का?” एवढंच मी म्हणायचो. तो हसायचा, त्याची बहीणही हसायची.

नव्या बंदुकीचा तो दुसरा हिवाळा. धान कापणीला आलं होतं आणि थंडी चांगलीच पडली होती. सकाळी धुक्यात मी मचानावर बसलो होतो. डुकरांचा कळप बांधीत शिरला. मी बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. पुन्हा खट्. डुकरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागली. शेवटी मी डबा वाजवून त्यांना पिटाळलं. काडतूस काढून पाहिलं तर त्याच्या टोपीवर पिनेचा नुसता ओरखडा. घोडा पडत होता, पण जीव नसल्यासारखा.

शहरातल्या ज्या दुकानातून बंदूक घेतली होती, तिथे ती घेऊन गेलो. टळटळीत दुपार. शेठनं रिकामी बंदूक हातात घेऊन चाप ओढला, तर घोडा खाडकन पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परत ओढा. परत खाडकन.

“याच्यात तर काहीच नाही, भाऊ,” शेठ म्हणाले.

“शेतात चालत नाई.”

“इथं चालते अन् शेतात चालत नाही?”

त्यांना वाटलं मला नवी बंदूक बदलून पाहिजे. मला वाटलं यांनी मुद्दाम काहीतरी केलं. मी हटून बसलो. तेव्हा शेठ म्हणाले, “गॅरंटीत आहे, म्हणून मी खोलणार नाही. माझा एक स्क्रू फिरला की कंपनी हात वर करते. कारखान्यातच पाठवावी लागेल.”

“किती दिवस?”

“पंधरा दिवस धरा.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. ते पावती लिहीत होते तेवढ्यात मी खिशातल्या खिळ्यानं बंदुकीच्या दस्त्याखाली एक बारीक फुली ओढली. नळीवर नंबर असतो, मान्य. पण माणसानं आपली एक खूण ठेवावी.

पंधरा दिवसांनी फोन केला तर बंदूक अजून दुकानातच. “एकट्या बंदुकीसाठी गाडी कशी पाठवू? ही काय साडी आहे का, कुरिअरमध्ये टाकायला? वाहतुकीची परवानगी लागते. अजून दोन-चार जमू द्या,” शेठ म्हणाले. म्हणजे माझी बंदूक बरी व्हायला आधी आणखी लोकांच्या बंदुका बिघडायला हव्या होत्या. त्या बिघडल्या एकदाच्या आणि गाडी गेली. मग कारखान्याच्या सेवा केंद्राचा नंबर मिळाला. तिथली एक मुलगी फार गोड आवाजात सांगायची, “सर, आपका वेपन प्रोसेस में है.” प्रत्येक वेळी तेच. मी तिला एकदा विचारलं, “बाई, प्रोसेस म्हणजे बंदूक टेबलावर आहे की गोदामात?” ती म्हणाली, “सर, प्रोसेस में है.”

इकडे पानठेल्यावर चौकशी सुरू झाली होती.

“बंदूक दिसत नाई भाऊ आजकाल?”

“दुरुस्तीले गेली.”

“नवीच होती ना?”

“हो.”

“नवी बंदूक बिघडली?” एवढं बोलून माणूस दुसरीकडे पाहायचा. समोर उभ्या असलेल्यानं विचारलं तर उत्तर देता येतं. दुसरीकडे पाहणाऱ्याला काय सांगायचं?

तेवढ्यात निवडणूक लागली. आमच्याकडे निवडणूक आली की परवानेवाल्यांनी आपापली बंदूक ठाण्यात जमा करायची असते. सगळे खांद्याला बंदूक लावून गेले, मी खिशात पावती घेऊन गेलो. जमादारानं ती उलटसुलट करून पाहिली.

“पावती तं कोनीबी देते, भाऊ. बंदूक कुठी आहे?”

“कारखान्यात.”

“इतके महिने? कारखान्यात बंदुका तयार करून राह्यले का उगवून राह्यले?” बाकीचे हसले. तो हसला नाही. “सासरवाडी कुठची तुमची?”

मी नदीपलीकडचं नाव सांगितलं. तो सावकाश म्हणाला, “तिकडं कोनीतरी चितळ पाडलं म्हन्तात. बंदुकीनं. जंगलवाले हुडकून राह्यले.” आणि जाताना स्पष्टच सांगितलं की परवान्याची मुदत संपायच्या आत बंदूक समोर आली नाही, तर तो वर कळवणार. परवाना तर जाईलच, पण बंदूक कोणाला दिली याची चौकशी आधी लागेल.

मी घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं ती जमादाराला दोन शिव्या देईल. शिव्या द्यायच्या बाबतीत ती मागे हटणारी नाही. पण ती फक्त “असं का” म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर तिचं वागणंच बदललं. तिच्या भावाचा फोन आला की मोबाइल उचलून परसात जायची आणि परत आली की डोळे लाल. मग फोन यायचेच बंद झाले. महाशिवरात्रीला आम्ही दरवर्षी मार्कंड्याच्या जत्रेला जातो. तिकडून तिचा भाऊ येतो, नदीच्या वाळूत बसून सगळे सोबत आणलेली शिदोरी खातात. त्या वर्षी ती म्हणाली, गुडघे दुखतात. आदल्याच दिवशी तिनं विहिरीवरून दोन घागरी आणलेल्या मी पाहिल्या होत्या. आता माझंही डोकं चालू लागलं. ही भावाला का टाळते? त्यानं खरंच तिकडे काही केलं की काय? कुठून तरी बंदूक मिळवून चितळ पाडलं, आणि हिला ते ठाऊक आहे? मी तिला विचारलं नाही. मी तिच्यावर नजर ठेवत राहिलो, आणि आता कळतं की तीही माझ्यावर ठेवत होती.

मोहफुलं पडायला लागली आणि शेठचा फोन आला. बंदूक आली होती.

दुकानात मी आधी नंबर पाहिला, मग दस्ता उलटा करून माझी फुली शोधली. फुली होती. मला जरा वाईटच वाटलं. इतके महिने ज्यांना चोर ठरवलं ते चोर नव्हते. पण कारखान्यानं बंदुकीत दोष नाही असं कळवलं होतं. आत घट्ट झालेलं तेल साचलं होतं, ते साफ केलं, आणि असलं काम गॅरंटीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“कोणतं तेल घालता हो?” शेठनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला दसरा आठवला. दसऱ्याला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड अंगणात काढतात. विळे, कुऱ्हाड, वखराची पास आणि बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू आणि सगळ्यांना टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. लोखंडाला वर्षातून एक दिवस पोटभर तेल पाजावं, असं वडील सांगायचे. त्यांची ठासणीची बंदूक ते तेल वर्षानुवर्षं प्यायली आणि तिनं कधी तक्रार केली नाही, कारण तिचा घोडा, कमान सगळं बाहेरच होतं, फडक्यानं पुसता येत होतं. या नव्या बंदुकीचं सगळं पोटात. आणि टोळीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुपारच्या उन्हात ते सैल व्हायचं आणि पहाटे घोड्याचे पाय धरायचं. वाटी मीच धरली होती, तेल बायकोनं पाजलं होतं, आणि दोघांनी हात जोडले होते.

“साधंच तेल,” मी शेठना सांगितलं. त्यांनी सफाईचं बिल माझ्यापुढे सरकवलं.

तिथून थेट ठाण्यात गेलो. जमादारानं नंबर पाहिला, नळी नाकाशी नेली, आत डोकावला. “आली तं मंग,” म्हणाला. बंदूक आल्याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं. परवाना शाबूत राहिला. मी बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालो आणि मोठ्या झोकात घरी निघालो.

घरी बंदूक खाटेवर ठेवली आणि बायकोला हाक मारली. म्हटलं, तेलाची गंमत सांगून हिला हसवू. ती पदराला हात पुसत आली. बंदूक पाहिली आणि दारातच खाली बसली.

“हे आपलीच आहे का?” तिनं विचारलं.

“आपलीच. नंबर पाहाचा का?”

ती रडायला लागली. मला कळेना. रडता रडताच म्हणाली, “मले वाटलं, तुमी माझ्या भावाले देली.”

तिनं महिनोन्महिने हेच मनात धरलं होतं. मी भावाला बंदूक दिली, त्यानं चितळ पाडलं, आणि आता आम्ही दोघं मिळून तिच्यापासून लपवतो आहोत. तिनं फोनवर त्याला मेलेल्या आईची शपथ घालून विचारलं होतं. त्यानं शपथ घेतली. हिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला होता, “तू मले दोनदा पुसलं, बाई. आता तुझ्या घरचं पानी नाई पेत मी.” मार्कंड्याला तो आलाच नसता, म्हणून हिचे गुडघे दुखले होते.

मला राग आला. चांगलाच आला. “मले काऊन नाई पुसलं?”

“तुमाले पुसून का होते? तुमी म्हनले असते, दुरुस्तीले गेली.”

“दुरुस्तीलेच तं गेली होती.”

“देली असती तरी तुमी तेच म्हनले असते.”

पानठेल्यावरच्या लोकांचं आणि जमादाराचं मला वाईट वाटलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण ही गोष्ट आत कुठेतरी लागली. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि माझं खरं बोलणं आणि खोटं बोलणं हिला ओळखू येत नव्हतं.

मग ती म्हणाली, “तुमी लावा फोन. माझा उचलत नाई तो.”

मी अंगणात जाऊन फोन लावला. त्यानं उचलला. मी सांगितलं, बंदूक आली, कारखान्यातच होती, तुझी बहीण रडून राह्यली, तू ये.

तो शांतपणे म्हणाला, “अन् आली नसती तं, भाऊजी? रस्त्यात हरवली असती, तं? मंग मी जनमभर चोरच ना?”

मी म्हटलं, तसं नाही रे. तो म्हणाला, “तसंच आहे.” आणि त्यानं फोन ठेवला.

मी मोबाइल खिशात टाकून वळलो. ती दारात आली होती. डोळे पुसलेले, चेहरा आशेनं भरलेला.

“का म्हनला?”

“येतो म्हनला. रविवारी.”

ती लगेच आत गेली आणि वड्यांसाठी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे निवडायला बसली.