खिडकी लाव

शिवलीला चिडली की हळू बोलते. जितकी जास्त चिडेल तितकी हळू. हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त नरसिंहराव सरांना नव्हतं. त्यांना वाटायचं, मुलगी शांत झाली.

एम.ए.ला ‘आधुनिक अमेरिकन नाटक’ हा पेपर आम्ही जेमतेम पंधरा जणांनी घेतला होता. त्यात वर्षाच्या शेवटी एक नाटक बसवायचं होतं आणि पेपरचे निम्मे मार्क त्या नाटकाला होते. मी पुण्याहून बेंगळुरूत आलेली, तनय नागपूरचा, सिद्धी मुंबईची. शिवलीला मूळची अथणीकडची, पण शाळेपासून इथेच, शिवाजीनगर बसस्टँडमागच्या गल्लीत वाढलेली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ती ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची, कारण तिच्याकडच्या बायका तसंच बोलतात. पहिल्याच आठवड्यात तनयने त्यावरून तिला ‘अण्णा’ म्हणायला सुरुवात केली. तिने अगदी हळू आवाजात त्याला विचारलं, “हे तुला नागपूरच्या उन्हानं झालंय की जन्मापासून आहे?” त्यानंतर त्यांची मैत्री झाली.

तिची आई, यल्लव्वा, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खानावळीत ज्वारीच्या भाकऱ्या थापते. वडील नागनाथ अर्धांगवायूने काही वर्षं अंथरुणावर होते आणि आम्ही प्रवेश घेतला त्याच्या आदल्या वर्षी गेले. ती सगळी वर्षं यल्लव्वा दुपारपर्यंत भाकऱ्या थापायची आणि घरी येऊन नवऱ्याला उचलायची, धुवायची, भरवायची, कूस बदलून द्यायची. नागनाथांचा धाकटा भाऊ योगीराज जे. पी. नगरला राहतो. आजारपणात तो एकदा सफरचंदं घेऊन आला होता. पण दिवसकार्याला तोच सगळ्या पै-पाहुण्यांसमोर म्हणाला, “आमच्या वैनीनं एक दिवस हूं का चूं केलं नाही.” तेव्हापासून यल्लव्वा नातेवाइकांत ‘हूं का चूं न केलेली बाई’ झाली. एवढ्या वर्षांच्या कष्टाचं तिला मिळालेलं काय, तर हे.

आता सरांविषयी. सर अमेरिकेत दोन वर्षं नाट्यप्रशिक्षण घेऊन आले होते आणि तिथून एक गोष्ट घेऊन आले होते: नटाने स्वतःची जखम उघडायची. अमेरिकन नाटकात एक घर असतं, घरात स्वयंपाकघर असतं आणि त्या स्वयंपाकघरात माणसं एकमेकांना सोलून काढतात. ते करायचं तर आधी स्वतःला सोला, असं सरांचं म्हणणं. त्यासाठी शुक्रवारचा तास असायचा. चपला बाहेर, फोन टोपलीत, दार बंद. आपण रंगमंचावर पाय ठेवण्याआधी जमिनीला हात लावून कपाळाला लावतो, तसा प्रत्येकाने लावायचा आणि म्हणायचं, ‘इथलं इथेच राहील.’ पहिला हात सरांचा. मग एकेकाने उठून आजवर कुणाला न सांगितलेलं सांगायचं.

शिवलीलाने सांगितलं ते असं, इंग्रजीत, आईचे शब्द तेवढे मराठीत. एका दुपारी ती कॉलेजातून लवकर घरी आली. दार लोटलेलं होतं. आत वडील डोळे मिटून पडलेले आणि आई त्यांच्या पायाशी, ओली चादर मांडीवर घेऊन बसलेली. आई म्हणत होती, “उचल बाबा ह्यांना आता. माझे हात गेले.” शिवलीला उलट्या पावली जिना उतरली आणि चपला वाजवत पुन्हा वर आली. आपण ऐकलं, हे तिने आईला कधी कळू दिलं नाही.

सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “ब्यूटिफुल.”

काही महिन्यांनी वर्षअखेरच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. एक अमेरिकन नाटक सरांनी उचलून उत्तर कर्नाटकातल्या घरात आणून बसवलं होतं. वरच्या खोलीत आजारी बाप, खाली स्वयंपाकघरात आई आणि मुलगा. भाषा इंग्रजी, मधेमधे कन्नड आणि मराठी. आई शिवलीला, मुलगा तनय. मी विंगेत प्रॉम्प्टर. सरांना सिंकवर खरी खिडकी हवी होती, म्हणून मी आणि शिवलीलाने शिवाजीनगरच्या जुन्या लाकडांच्या दुकानातून दोन झडपांची चौकट आणली. कडी-कोयंड्यासकट. झडपा लागल्या की सगळ्या हॉलमध्ये आवाज जायचा. सर विंगेत नेमके त्या खिडकीमागे उभे राहून तालीम बघायचे.

प्रयोगाला थोडे दिवस उरले असताना सरांनी दुसऱ्या अंकाची नवी पानं आणली. शेवटच्या पानावर आई खिडकीशी उभी राहून देवाशी बोलते, मराठीत. मी ओळ वाचली आणि पान शिवलीलाच्या हातात दिलं. उचल बाबा ह्यांना आता. माझे हात गेले. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नव्हता.

तालीम संपल्यावर ती सरांसमोर उभी राहिली. बोलणं कन्नड-इंग्रजीत झालं, मी बाजूलाच होते.

“सर, ही ओळ काढा.”

“अख्ख्या नाटकातली सगळ्यात खरी ओळ आहे ती.”

“माझ्या आईची आहे.”

“होती. आता नाटकाची आहे.”

“आपण जमिनीला हात लावून म्हटलं होतं.”

सर हसले. नाव कुठे घेतलंय, म्हणाले. कुणाला कळणार आहे, म्हणाले. शिवलीलाने सांगितलं की प्रयोगाला घरच्यांना तुम्हीच बोलावलंय, आई येणार आहे, काका सगळ्या घराला घेऊन येणार आहेत, आणि अंथरुणावरचा नवरा, उत्तर कर्नाटकातलं घर आणि ते बोलणारी मी, एवढं बघून न कळायला ते आंधळे आहेत का. तिचा आवाज आता इतका खाली आला होता की सरांना वाकून ऐकावं लागत होतं. त्यांना वाटलं, पटायला लागलं हिला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुला जमत नसेल तर सांग. सिद्धी करेल आईचं काम. ओळ राहणारच.”

म्हणजे सोडायचीही सोय नव्हती. काम सोडलं तर मार्क जाणार आणि ती ओळ सिद्धी अगदी जीव ओतून म्हणणार. शिवलीला विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी चहा मागवला आणि कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोलले. कुणाच्या स्वातंत्र्यावर, हे विचारायला मी तिथे नव्हते, नाहीतर विचारलं असतं. पंधरा जणांच्या वर्गात वेदनेचं दुकान मांडायचं, चांगला माल दिसला की उचलायचा आणि वर त्याला कला म्हणायचं. पुन्हा गल्ल्यावर बसायला हाच माणूस, मार्क द्यायला हाच.

मग तिने आईला थोपवायचा प्रयत्न केला. इंग्रजी नाटक आहे, अमेरिकेचं आहे, तुला काही कळणार नाही. यल्लव्वाने इरकल लुगडं आधीच उन्हात टाकलं होतं. ती म्हणाली, “नाटक कोण बघायला येतंय? मी तुला बघायला येतोय.”

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत यल्लव्वा, शेजारी योगीराजकाका, काकू, त्यांची सून. मागे कोरमंगलाच्या ऑफिसांमधून सुटून आलेला मराठी घोळका, तनयचे मित्र. शिवलीलाने रंगमंचावर जाण्याआधी जमिनीला हात लावला नाही. मी बघितलं ते.

पहिला अंक चांगला झाला. दुसरा त्याहून चांगला. तिने वरच्या खोलीतल्या नवऱ्यासाठी भांडं घासलं, फडकं पिळलं, मुलाशी भांडली, आणि मग ती खिडकीशी गेली. टेबलाशी तनय पाठमोरा बसला होता. ओळीची जागा आली.

ती गप्प राहिली.

आधी हॉलला वाटलं, अभिनय आहे. खिडकीमागून सरांनी मला खूण केली, दे. मी संहिता मिटून मांडीवर ठेवली. सरांनी दात-ओठ खात पुन्हा खूण केली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना राहवेना. त्यांनी चौकटीत तोंड घातलं आणि स्वतःच प्रॉम्प्ट केलं, त्यांच्या त्या मोडक्या मराठीत: “उच्चल बाबा ह्यान्ना. माजे हात गेले.”

विंगेतला आवाज पहिल्या चार रांगांना स्वच्छ ऐकू गेला. कुणीतरी फिसकन हसलं.

शिवलीलाने मान वळवली नाही. फडकं खांद्यावर टाकलं आणि मराठीत, हळूच, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, “बाळा, खिडकी लाव. ह्या शेजारच्याला दुसऱ्यांच्या घरात कान घालायची खोड आहे.”

संहितेत असलं काही नव्हतं. तनयने एक क्षण तिच्याकडे बघितलं. शुक्रवारच्या त्या तासाला तोही होता. तो उठला, चालत गेला आणि दोन्ही झडपा सरांच्या नाकासमोर धाडकन लावल्या.

“आई, कडीपण लावू?”

“लाव.”

हॉल हसला, टाळ्या पडल्या. योगीराजकाका मांडीवर थाप मारून हसत होते. विंगेत सर कडी लागलेल्या खिडकीकडे बघत उभे होते. शिवलीला खुर्चीत बसली, पुढचं इंग्रजी वाक्य बोलली आणि नाटक शेवटापर्यंत नीट गेलं.

घरी जाताना काकांच्या गाडीत जागा नव्हती, म्हणून मायलेकी बसने निघाल्या. मीही शिवाजीनगरपर्यंत सोबत होते, मागच्या सीटवर. यल्लव्वा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “तो पडद्यामागचा माणूस बोलला ते माझं बोलणं होतं.”

शिवलीलाने हातातलं तिकीट दुमडलं.

“तू ऐकलीस. कधी?”

“दार उघडं होतं, आई.”

“आणि सांगितलीस कुणाला?”

“वर्गात. दार लावून.”

“दार लावून पंधरा माणसं.” यल्लव्वाचाही आवाज खाली येत चालला होता, तेव्हा मला कळलं की हे त्यांच्या घरातलंच आहे. “आणि खिडकी आज लावलीस. तेव्हाच लावायचं होतंस की.”

“त्यांनी काढून घेतलं, आई.”

“तू दिलीस म्हणून घेतलं.” मग ती म्हणाली, “तुला वाटलं तुझे वडील झोपले होते. जागे होते. त्यांनी मान हलवली होती. आमच्या दोघांतलं बोलणं होतं ते.”

स्टँड आला. यल्लव्वा आधी उतरली आणि मागे न बघता गल्लीत शिरली. त्यानंतर कितीतरी दिवस घरात दोघींमध्ये जेवायला ये, पाणी भर, याच्यापलीकडे बोलणं नव्हतं, असं शिवलीलाने मला सांगितलं. आईचा राग तिला पटत होता, म्हणून सरांवरचा आणखी वाढत होता.

सरांनी तिला पास होण्यापुरते मार्क दिले. शेरा होता: ‘नटीने संहितेशी इमान राखले नाही.’ तिने विद्यापीठाकडे तक्रार केली आहे. ती अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

या वर्षी नवी बॅच आली. शुक्रवारी ती मुलं दाराबाहेर चपला काढत असताना शिवलीला तिथे जाऊन उभी राहते. ओरडत नाही, घोषणा देत नाही. प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगते, “आत जे सांगायचं ते खोटं सांग. नाटक शिकायलाच आलायस ना?”

परवा आर्या नावाची पहिल्या वर्षाची मुलगी तास संपवून बाहेर आली. नदीत बुडालेल्या भावाची गोष्ट सांगून आली होती. ती एकुलती एक आहे. सरांचे डोळे भरून आले होते, म्हणाली, ब्यूटिफुल म्हणाले. पुढच्या नाटकात घेणार आहेत. मग ती चप्पल पायात अडकवता अडकवता थांबली.

“अक्का, असलं खोटं बोलल्याचं पाप लागेल का मला?”

शिवलीला इतकी हळू बोलली की आर्याला पुढे वाकावं लागलं.

“तुला नाही.”