उशा उत्तरेला

राणी सरकारच्या राज्यात ठाण्याच्या एका इस्पितळात कलावती आया होती, तोंडाने फटकळ. छातीच्या तापाने आलेल्या रोग्यांचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरसाहेब म्हणत, खोकल्यामुळे. कलावतीने खाटांकडे पाहून कपाळाला हात लावला. साऱ्या उशा उत्तरेला! उत्तरेला डोकं मेलेल्याचं करतात. जित्याला झोप येईल कशी?

भरदुपारी तिने सगळ्यांच्या उशा पायथ्याला नेल्या. वॉर्ड घोरू लागला.

छाती तपासायला साहेबांनी सवयीने घोंगडी उचलली, तर समोर मिठागरावरल्या पोश्याचे पाय!

कलावतीने उशा उत्तरेवरून का हलवल्या ते सांगितलं. “दिशेने कधी झोप येते का?” साहेब खेकसले.

“ऐका की तुम्हीच.”

साहेब ते घोरणं ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “कलावती, आमच्या बंगल्यात उत्तर कुठल्या अंगाला येते गं?”