रातांब्याच्या गाण्याचा शेवट

संकठा घाटामागच्या गल्लीत प्रभावतीबाईंचं घर होतं. यजमान वेणीमाधवशास्त्री यात्रेकरूंचे विधी करायचे, आणि महाराष्ट्रातून आलेली माणसं त्यांच्याच माडीवर उतरायची. माणसांचं करण्यात बाईंची सत्तेचाळीस वर्षं गेली. त्यांना स्वतःला न्यायला मात्र एवढ्या वर्षांत कुणी आलं नाही.

तेराव्या वर्षी त्या गुहागरकडच्या खेड्यातून लग्न होऊन काशीला आल्या. पाठचा भाऊ श्रीराम म्हणाला होता, रातांबे पिकले की न्यायला येतो. आधी पत्रं आली, मग नुसत्या सबबी, आणि शेवटी तो गेल्याचंच पत्र आलं.

सासूबाई गंगाबाई कडक. गल्लीतला सांडसुद्धा त्यांना पाहून वाट बदलायचा, असं शेजारी म्हणत. पण त्यांच्याकडे एक गाणं होतं. त्याही कोकणातल्याच, आणि त्यांच्या आजीपासून आलेलं ते गाणं कार्तिकासाठी वाती वळताना त्या म्हणायच्या. खाडीपलीकडे दिलेल्या एका मुलीची ती लांबलचक गोष्ट होती.

रातांबे पिकले गं, लाल झाली वाट
दादा येईल न्यायाला, धरते खाडीचा काठ

रातांबा पाहिलेलं त्या गल्लीत या दोघींशिवाय कुणी नव्हतं. प्रभावती मात्र ऐकता ऐकता जिभेवर आंबट चव आणायची आणि रडू गिळायची. मुलगी गाठोडं बांधून बसते, इथवर आलं की सासूबाई थांबत.

"पुढं?"

"पुढचं तुझ्या माहेरचं माणूस दारात आलं की. त्याशिवाय शेवट म्हणायचा नसतो."

वर्षामागून वर्षं गेली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा प्रभावती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता तरी सांगा." सासूबाईंनी विचारलं, "आलं का कुणी?" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चार दिवसांनी त्यांना मणिकर्णिकेवर नेलं. शेवट बरोबर घेऊन गेल्या, हा राग प्रभावतीबाईंच्या मनातून नंतर दहा वर्षं गेला नाही.

चौऱ्याण्णवच्या कार्तिकात माडीवर गीताताई उतरल्या. सत्तरीच्या, बडबड्या, आणि गाव विचारलं तर बाईंच्या माहेरापासून दोन कोसांवरचं! बाईंना काय करू नि काय नको असं झालं. दुपारी दोघी वाती वळायला बसल्या. बाई गुणगुणू लागल्या, तर गीताताईंनी सूर धरला.

"अगो, हे तर आमच्याकडचं!"

गाठोड्यापाशी बाई थांबल्या. माहेरचं माणूस दारात आलं होतं. आता नियम आडवा येणार नव्हता. "ताई, पुढचं म्हणा."

गीताताई सहज गात गेल्या.

दादा आला गं न्यायाला, ओटीवर टेकला
बांधून ठेवलं गाठोडं, तेवढंच घेऊन गेला

"म्हणजे ती?"

"गेली बिचारी वाट बघून. भावाला उशीर झाला ना. एवढंच आहे गाणं."

"पण शेवट म्हणायचा नसतो ना, माहेरचं माणूस आल्याशिवाय?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्यात बारशालासुद्धा म्हणतात सगळं."

बाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. सासूबाईंनी तो नियम घरातच केला होता, तेरा वर्षांच्या एका पोरीसाठी. मरतानासुद्धा मोडला नाही. एवढी वर्षं बाई माहेरासाठी झुरल्या; आज पहिल्यांदा त्यांना सासूबाई हव्याशा वाटल्या, इतक्या की त्यांनी तोंडाला पदर लावला.

गीताताई संध्याकाळी दर्शनाला गेल्या. नात ऋता शाळेतून आल्यापासून आजीला चिकटून वाती वळत होती. दहा वर्षांची पोर, मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची, पण गाणं गाठोड्यापर्यंत तिला तोंडपाठ होतं.

"आजी, दादा आला की नाही? फिर क्या हुआ?"

बाईंनी वात नीट वळून ताटात ठेवली.

"तुझं लग्न होईल, मग मी तुला न्यायला येईन ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा सांगेन."