काठीची चप्पल

मिस्त्रीचाचा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय. ईट गावातल्या त्यांच्या सुतारकामाच्या दुकानापुढून कुणी गेलं, की रंधा थांबायचा. "ह्याचा उजवा गुडघा कुरकुरतोय," म्हणायचे. तो कुरकुरत असायचाच.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आमच्या आईनं घराबाहेर पडणं सोडलं होतं. विकत आणलेल्या काठीनं तळहाताला फोड आले, तेव्हा तिनं ती काठी दोरीवरचे कपडे काढायला लावली. तिला एकच हवं होतं, पौर्णिमेला विहारात जायचं, तेही कुणाचा हात न धरता. मी हात पुढे केला की फटकारायची. शेवटी मी चाचांना घरी घेऊन आले.

चाचांनी मला ज्वारीचं पीठ मळायला लावलं. गोळा आईच्या हातात देऊन म्हणाले, "वैनी, काठी समजून गच्च धरा." तो मुठीचा ठसा समोर ठेवून त्यांनी सागवानी मूठ कानशीनं घासली, पुन्हा पुन्हा तिच्या हातात देऊन बघितली. मग तिला अंगणात चालवून उंची ठरवली. "काठी हातात हाय हे इसरलं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पौर्णिमेला आई विहारापर्यंत एकटी गेली, मी लांबून मागोमाग. दाराशी तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पहिल्याच पावलाला तिचा खांदा वर चढला, तोल गेला. मी धावत जाऊन धरलं. माप चपलेसकट घेतलेलं, त्यामुळं आता काठी उंच पडली होती. घरी येऊन आईनं हीही काठी कपड्यांच्या दोरीला अडकवली. मी ती काढून तावातावानं दुकानात गेले, नको ते बोलले. चाचांनी कपाळावर हात मारला.

"लई चुकलं पोरी. रोज पाच येळा मशिदीच्या दारात चप्पल काढतो म्या, अन् माझ्याच ध्यानात न्हाय आलं!"

माझा राग तिथंच विरघळला.

त्यांनी काठी अनवाणी पायाच्या मापानं कापली, टोकाला पातळ रबर लावलं. मग जुन्या टायरचा जाड तुकडा कोरून काठीसाठी घट्ट बसणारी चप्पल केली. बाहेर चालताना घालायची, दाराशी तिची कड पायानं दाबून काठी वर ओढायची. पुढच्या पौर्णिमेला आई एकटी विहारात गेली, वंदना करून एकटीच बाहेर आली. मला रडू आवरेना.

यंदा चाचा गेले. त्यांच्या घरी भेटायला आई चालतच निघाली, मला हात लावू दिला नाही. दारात चपलांचा ढीग होता. तिनं आपली चप्पल काढली, मग काठीची. शेजारी काठीच्या, टायरच्या तशाच तीन छोट्या चपला आधीच होत्या.

आई थबकली. "जाताना माझी वळखू येईल का गं?" म्हणाली, आणि काठी टेकत एकटीच आत गेली.